जिन्याखालचा त्रिकोण

इंग्रजीत 'स्पँड्रल' नावाचा एक शब्द आहे. बांधकामाशी संबंध नसलेल्या माणसाला तो भेटलाच तर बहुतेक वेळा जीवशास्त्राच्या पुस्तकात भेटतो. मलाही तिथेच भेटला. पण शब्द मूळचा इमारतींचा. कमानीचा गोलवा आणि तिच्याभोवतीची चौकोनी चौकट यांच्यामध्ये, वरच्या दोन कोपऱ्यांत जे तिकोनी तुकडे उरतात, ते स्पँड्रल. जिन्याच्या बाबतीत अर्थ आणखी सोपा आहे. तिरक्या चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या पोटाखाली जमिनीपर्यंत जो त्रिकोण उरतो, तो स्पँड्रल.

शब्दकोश या शब्दाचं नातं फ्रेंचमार्गे 'पसरणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडतात. म्हणजे इंग्रजी 'एक्स्पांड' हा त्याचा भाऊबंद. गंमत बघा, पसरण्यातून आलेला शब्द एका निमुळत्या, कोंदट कोपऱ्याचं नाव झाला. पुढे घड्याळाच्या गोल तबकडीबाहेरचे चार नक्षीदार कोपरेही स्पँड्रल झाले. आणि हिंजवडीतल्या काचेच्या ज्या इमारतींत माझ्यासारखे लोक दिवस घालवतात, तिथे दोन मजल्यांच्या खिडक्यांमधला स्लॅब झाकणाऱ्या अपारदर्शक काचेच्या पट्ट्यालाही स्पँड्रलच म्हणतात. या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. दोन महत्त्वाच्या गोष्टींच्या मधलं, कुणी मुद्दाम न मागितलेलं, पण टाळता न येणारं काहीतरी.

जिन्याचा त्रिकोण किती न टाळता येणारा असतो, हे साध्या गणिताने कळतं. मजल्याची उंची ३ मीटर धरा, पायरीची उंची १५ सेंटिमीटर, रुंदी २५. म्हणजे एकूण वीस चढ. आपल्याकडच्या नेहमीच्या जिन्यात दहा चढांनंतर मधला लँडिंग येतो आणि जिना उलटा वळतो. पहिला टप्पा दीड मीटर वर जातो आणि सव्वादोन मीटर पुढे. खाली उरला सव्वादोन बाय दीडचा त्रिकोण, त्यातून काँक्रीटची जाडी वजा. पायरीची उंची आणि रुंदी माणसाच्या पावलाने ठरवली आहे. त्रिकोणाचा विचार कुणीच केलेला नाही. तरी तो येतोच. मोठ्या माणसाला त्यात धड उभं राहता येत नाही, आणि एवढी जागा रिकामी ठेवणं मराठी मनाला परवडत नाही. मग तिथे मीटरचे खोके येतात, पाण्याचा पंप येतो, बंद पडलेली स्कूटर येते, गणपतीच्या मखराचे थर्माकोल येतात. रस्त्याच्या बाजूला असेल तर इस्त्रीवाला येतो. हॅरी पॉटरच्या मावशीने भाच्याला निजवलं तेही असल्याच त्रिकोणात.

स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन या हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी १९७९ साली या शब्दाला इमारतीतून बाहेर काढलं. गूल्ड जीवाश्मांचे अभ्यासक, लेवॉन्टिन जनुकशास्त्रज्ञ. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाचं नाव मराठीत साधारण असं होईल: 'सान मार्कोचे स्पँड्रल आणि पँग्लॉसी विचारचौकट'. अठरा पानं. उत्क्रांतीवरच्या लिखाणात या अठरा पानांइतकी भांडणं फार थोड्या निबंधांनी लावली असतील.

सुरुवात व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये होते. मधला मोठा घुमट चार कमानींवर बसवलेला. गोल घुमट आणि खालचा कमानींचा चौकोन जुळवताना चार कोपऱ्यांत चार निमुळते, वक्र त्रिकोण तयार होतात. त्यांच्यावर मोझेकची चित्रं आहेत. प्रत्येक त्रिकोणात वर एक शुभवर्तमानकार आणि खाली, जिथे जागा चिंचोळी होते तिथे, घागरीतून पाणी ओतणारा एक माणूस, म्हणजे एक नदी. टायग्रिस, युफ्रेटिस, नाईल आणि चौथी, लेखकद्वयाच्या म्हणण्यानुसार, चक्क आपली सिंधू. चित्र जागेत इतकं चपखल बसलंय की पाहणाऱ्याला वाटावं, ही चित्रं काढता यावीत म्हणूनच त्रिकोण बांधले आणि त्रिकोणांसाठी घुमट. गूल्ड-लेवॉन्टिन म्हणतात, हा उलटा विचार आहे. आधी घुमट आणि कमानी. त्रिकोण हा त्यांचा उपफळ. चित्रकाराने उरलेल्या जागेचं सोनं केलं, एवढंच.

मग खरा हल्ला येतो. जीवशास्त्रज्ञ प्राण्याचे सुटे सुटे भाग करतात आणि प्रत्येक भागाला विचारतात, 'तू कशासाठी?' उत्तर मिळतंच, कारण कल्पनाशक्ती असलेल्या माणसाला उत्तर सापडत नाही असं होत नाही. एक गोष्ट खोटी ठरली की दुसरी रचायची. व्हॉल्तेअरच्या 'कांदीद' या १७५९च्या कादंबरीतला डॉ. पँग्लॉस असाच. त्याच्या मते नाक चष्मा ठेवायला घडवलेलं असतं, म्हणून तर आपण चष्मे घालतो. निबंधातलं माझं आवडतं उदाहरण टिरॅनोसॉरसचं आहे. एवढ्या अजस्र प्राण्याचे पुढचे हात इतके इवले का? मादीला गुदगुल्या करायला ते वापरले जात असतील, लेखक म्हणतात, असूही शकेल. पण त्यावरून हात लहान का झाले हे कळत नाही. आजचा उपयोग वेगळा आणि उगमाचं कारण वेगळं. दोन प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

हे वाचताना मला मिस्ड कॉल आठवत होता. फोनच्या बिलाची रचना अशी की पलीकडच्याने उचलल्यावर पैसे सुरू. त्यामुळे उचलण्याआधी वाजणारी रिंग फुकट. ही फुकट रिंग कुणी 'सोय' म्हणून बनवलेली नव्हती. बिलिंगच्या नियमाच्या पोटाखाली उरलेला तो त्रिकोण होता. आपल्या देशाने त्यात आख्खी भाषा वसवली. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. पुढे कंपन्यांनी नोंदणीसाठी तो वापरला, २०११च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात लोकांनी मिस्ड कॉलने पाठिंबा कळवला. आज कुणी परग्रहावरून आला तर शपथेवर सांगेल की रिंग ही आंदोलनासाठीच शोधली गेली. मी रोज जो कोड वाचतो त्यातही हेच. एखाद्या विचित्र ओळीमागे काय खोल विचार असेल, यावर नवीन मुलं तासभर तर्क करतात. मग कुणीतरी जुना इतिहास काढून बघतं, आणि ती ओळ तिसऱ्याच कशाची तरी शेपटी निघते. फरक इतकाच की आमच्याकडे इतिहास साठवलेला असतो. डायनोसॉरकडे तो नसतो, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत गोष्टी उगवतात.

आता निबंधाची बाजू बरीच घेतली. त्याची लंगडी बाजूही तितकीच सांगण्यासारखी आहे, आणि ती पहिल्याच पानावर आहे.

सान मार्कोचे ते त्रिकोण बांधकामाच्या भाषेत स्पँड्रल नाहीतच. त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात. डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञाने १९९५ साली 'डार्विन्स डेंजरस आयडिया' या पुस्तकात यावर बोट ठेवलं. नावाची चूक एकवेळ सोडून देता येईल. पण त्याने पुढे विचारलं, हे त्रिकोण अटळ होते का? चौकोनावर गोल बसवायचे इतर मार्ग होते. कोपऱ्यात छोट्या आडव्या कमानी टाकून, म्हणजे स्क्विंचने, तेच काम होतं. बांधणाऱ्यांनी पेंडेंटिव्ह निवडले, आणि चित्रं लावायला गुळगुळीत पृष्ठभाग मिळावा हेही निवडीचं कारण असू शकतं. मग उपफळ कुठे राहिलं? रॉबर्ट मार्क या वास्तुरचनेच्या अभ्यासकाने वर्षभरातच आणखी एक मुद्दा मांडला: पेंडेंटिव्ह हा घुमटाचा भार पेलणाऱ्या रचनेचाच भाग आहे. काढून टाकला तर वरचं खाली येईल. उरलेली जागा असा भार पेलत नाही. गूल्डने १९९७मध्ये उत्तर दिलं की तो 'स्पँड्रल' हा शब्द व्यापक अर्थाने वापरत होता. उत्तर हुशार आहे. मला ते पटलेलं नाही. ज्या उदाहरणाच्या जोरावर वाचकाला खिशात घातलं, ते उदाहरणच तपासणीत टिकत नसेल, तर 'व्यापक अर्थ' ही पळवाट वाटते.

यासाठी व्हेनिसला जायची गरज नाही. सोलापूरकडच्या शाळांची सहल हमखास जिथे जाते त्या विजापूरच्या गोलघुमटात हे दोन्ही प्रकार एका छताखाली आहेत. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, सतराव्या शतकाच्या मध्यातली. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. खालची दालनं चौकोनी. घुमट पेलायला आठ कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्यात आणि त्यांच्या छेदांतून पेंडेंटिव्हची साखळी तयार झालीय. इथल्या त्रिकोणांना उरलेली जागा म्हणायची कुणाची छाती होणार नाही. ते आतल्या बाजूला झुकतात आणि त्यांचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला आवर घालतं. हे स्थापत्य आहे, जाणूनबुजून केलेलं.

पण कोपऱ्यातल्या बुरुजाचे सात मजले चढून, धापा टाकत, आपण वर जातो ते पेंडेंटिव्ह बघायला नव्हे. जातो ते घुमटाच्या कडेच्या सज्जात कुजबुज ऐकायला. भिंतीशी बोललेलं वक्र भिंतीला धरून पलीकडे पोचतं. लंडनच्या सेंट पॉल्समध्येही हेच होतं, आणि रॅले या शास्त्रज्ञाने त्याचं भौतिकशास्त्र समजावून सांगितलं. गोल, कडक, गुळगुळीत भिंत बांधली की हा आवाज फुकटात येतो. म्हणजे गोलघुमटातले त्रिकोण योजलेले आहेत, आणि ज्या प्रतिध्वनीसाठी तिकीट काढतो तो भूमितीचा उपफळ. सुलतानाने तो मुद्दाम मागितला होता असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने वेगळा पुरावा आणावा. आवाज येतो, हा तो पुरावा नव्हे.

म्हणून मला वाटतं, गूल्ड-लेवॉन्टिनने चुकीची इमारत निवडली. शब्दाच्या जिन्याकडच्या अर्थाकडे ते वळले असते तर डेनेटला इतकी सोपी विकेट मिळाली नसती. जिन्याखालचा त्रिकोण भार पेलत नाही. तो विटांनी बंद करा, उघडा ठेवा, जिन्याला फरक पडत नाही. त्याला पर्यायी रचना नाही. तिरकस वर जायचं तर खाली काहीतरी सुटणारच. आणि त्याचा उपयोग नंतर, वापरणाऱ्यांनी लावला, हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. अडचण एकच. जिन्याखाली मोझेक नसतं. तिथे झाडू असतो. व्हेनिसने निबंधाला जे वैभव दिलं ते झाडूने दिलं नसतं, आणि गूल्ड हा वैभवाचा मोह न आवरणारा लेखक होता.

जिन्यांभोवती पँग्लॉसी गोष्टीही भरपूर आहेत. युरोपातल्या किल्ल्यांचे गोल जिने चढताना उजवीकडे वळतात, कारण वरून लढणाऱ्याच्या उजव्या हाताला तलवार फिरवायला मोकळी जागा मिळते, हे तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकलं असेल. ही गोष्ट लोकप्रिय केली थिओडोर अँड्रिया कुक यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. ते स्वतः तलवारबाज होते, त्यामुळे त्यांना जिन्यात तलवार दिसली यात नवल नाही. उलट्या दिशेने वळणारे जिनेही किल्ल्यांमध्ये अनेक आहेत, पण ते रीलमध्ये येत नाहीत. आपल्या गडांवर पायऱ्या उंचसखल दिसल्या की 'शत्रू दमावा म्हणून' हे उत्तर तयार असतं. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण कातळ, घाई, झीज, मागाहून झालेली डागडुजी, यांच्याकडे कुणी बघत नाही. कारण त्यात कुणाची हुशारी दिसत नाही, आणि गडावर गेल्यावर आपल्याला हुशारीच बघायची असते.

इथपर्यंत सगळं मजेत चाललंय. पण हीच सवय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते तेव्हा मजा संपते. 'आपल्या प्रत्येक परंपरेमागे शास्त्र आहे' या मथळ्याचे फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. जोडवी घातल्याने म्हणे पायाच्या बोटातली नस दाबली जाते आणि ती थेट गर्भाशयाशी जोडलेली असते. बांगड्यांच्या घर्षणाने म्हणे रक्ताभिसरण सुधारतं. ही नाकावरच्या चष्म्याचीच गोष्ट आहे. एक तर दाव्याला पुरावा नाही. पण घटकाभर धरू, उद्या एखादा फायदा सापडला. तरी त्यावरून प्रथा त्या फायद्यासाठी सुरू झाली हे सिद्ध होत नाही, आणि ती फक्त बाईनेच का पाळायची, याचं उत्तर तर अजिबात मिळत नाही. जुन्या भारतीयांनी सांगितलं की शास्त्र आणि गोऱ्यांनी पॉडकास्टवर सांगितलं की उत्क्रांती, एवढाच फरक. 'पुरुष असे वागतात कारण गुहेत असताना…' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य ऐकलं की मला टिरॅनोसॉरसचे हात दिसतात. गूल्ड-लेवॉन्टिनचा रोखही याच दिशेला होता. ई. ओ. विल्सनचं 'सोशिओबायॉलॉजी' १९७५मध्ये आलं होतं, माणसाच्या वागण्याला जनुकांची कारणं जोडण्याची लाट होती. निबंधात अझ्टेक लोकांच्या नरबळीचं उदाहरण येतं. मांसाचा तुटवडा होता म्हणून ती प्रथा आली, अशी उपपत्ती तेव्हा गंभीरपणे मांडली जात होती. एक आख्खी धर्मव्यवस्था, राजसत्ता, युद्धं, सगळं बाजूला सारून प्रथिनांचा हिशेब.

तरीही निबंध दुसऱ्यांदा वाचताना मी एका जागी अडलो, आणि ती जागा डेनेटच्या टीकेत नाही. 'हे उपफळ आहे' असं म्हणणं हीसुद्धा एक गोष्टच असते. आणि ती कधीकधी फार सोयीची असते.

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिने दिसतात. गंजलेले, वेलींनी वेढलेले, फोटोत फार सुंदर येतात. इन्स्टाग्रामवर त्यांचे चाहते आहेत. इमारतीचं काहीतरी जुनं, उरलंसुरलं, असं वाटतं बघताना. पण ते उरलेले नाहीत. संडास साफ करणाऱ्या माणसाने आणि नोकरांनी पुढच्या जिन्यावर पाऊल ठेवू नये म्हणून ते विचारपूर्वक, पैसे खर्चून बांधले होते. जात नकाशात काढलेली होती. इथे 'कशासाठी?' हा प्रश्न भाबडा ठरत नाही. उलट तो न विचारणं भाबडं ठरतं. निसर्गात नकाशा काढणारा कुणी नसतो, म्हणून तिथे हेतू शोधताना जपून राहायला हवं. माणसांच्या वास्तूंत आणि रीतींत नकाशा काढणारा असतो, आणि बऱ्याचदा त्याच्या सहीसकट. हा भेद निबंध करत नाही. त्याचं पहिलं उदाहरण वास्तूचं आणि उरलेली बहुतेक सजीवांची, आणि वाचक एकावरून दुसऱ्यावर इतक्या सहज सरकतो की मध्ये काय बदललं हे लक्षात येत नाही.

आपल्या जिन्याखालचा त्रिकोणही यातून सुटत नाही. कित्येक सोसायट्यांत तिथे वॉचमनची खाट असते. डोक्यावर दिवसभर पावलं, शेजारी पंपाची घरघर, उशाशी मीटरचे खोके. विचारलं तर उत्तर येतं, 'जागा रिकामीच होती.' बरोबर आहे, त्रिकोण रिकामाच होता; १५ सेंटिमीटरच्या पायरीने तो रिकामा ठेवला. पण इमारतीला चोवीस तास राखणदार लागणार हे नकाशा मंजूर होतानाही माहीत होतं. पार्किंगचे चौकोन आखले गेले, क्लबहाऊस आखलं गेलं, झोपायला आठ बाय सहाची खोली आखली गेली नाही. भूमितीने त्रिकोण दिला. त्यात कोण झोपेल हे भूमितीने ठरवलं नाही.

गूल्डने एलिझाबेथ व्हर्बाबरोबर १९८२मध्ये 'एक्झॅप्टेशन' असा आणखी एक शब्द घडवला: एका कारणाने आलेली गोष्ट दुसऱ्याच कामी लागणं. पिसं आधी, उडणं नंतर. स्पँड्रलपेक्षा हा शब्द शास्त्रज्ञांना जास्त सोयीचा ठरला, बहुधा त्यात घुमटाचं ओझं नाही म्हणून. मला स्वतःला स्पँड्रल जास्त आवडतो. तो डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि चुकीचा वापरला तर पकडलाही जातो, हा शब्दाचा मोठाच गुण.

मूळ निबंध फोनवर वाचता येईल इतका छोटा आहे. पहिली काही पानं चहा घेत वाचा. मधला भाग, जिथे लेखक विरोधकांच्या चुकांचे प्रकार मांडतात, तो थोडा अन्यायकारक आहे हे मनात ठेवून वाचा. डार्विनवादी इतकेही भोळे नव्हते. शेवटी युरोपीय शरीररचनेची जुनी परंपरा येते, तिथे दम लागतो, पण केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलच्या छताचं उदाहरण चुकवू नका, ते सुरुवातीलाच आहे आणि सान मार्कोपेक्षा जास्त टिकाऊ आहे. पंख्यांसारख्या कमानी छताच्या मध्यावर भेटतात, मध्ये मोकळ्या जागा सुटतात, आणि त्यांत ट्यूडर घराण्याचं गुलाब आणि किल्ल्याच्या दाराची जाळी आलटून पालटून बसवली आहे. त्यानंतर डेनेटचं प्रकरण वाचा. लगेच नको, एक-दोन दिवसांनी.